डावीकडची लाल पट्टी

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकून बसलात तर डोळा लागेल, आणि ही गोष्ट जागेपणी ऐकायची आहे. आज आख्यान राजाराणीचं नाही की ऋषिमुनींचंही नाही. एका संगणकाच्या पडद्याचं आहे. हसलात? हसा. ज्याने आकाश मांडलं त्यानेच माणसाला मांडामांड करायची हौस दिली, आणि त्या हौशीपायी एक भला माणूस मान खाली घालून कसा उभा राहिला, ते सांगतो.

त्याला सगळे रंगारी म्हणत. रंगकामाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, संगणक दुरुस्त करायचा त्याचा धंदा. पण ज्या संगणकाला हात लावील त्याचं रूप पालटल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, म्हणून हे नाव. आता रूप म्हणजे काय, तर आपण संगणक सुरू करतो तेव्हा समोर जी मांडणी येते ती. कामांची पट्टी खाली की वर, खिडक्या उघडतात कशा, अक्षर केवढं, माउसचा बाण कसला. काही संगणकांत ही मांडणी घरातल्या फर्निचरसारखी अख्खी बदलता येते. एक काढा, दुसरी आणा. तिला डेस्कटॉप एन्व्हायरन्मेंट म्हणतात, आणि कुठली मांडणी सरस यावर मोठी माणसं पोरांसारखी भांडतात.

रंगारीच्या फोनवर अशा भांडखोरांचा एक कट्टाच होता. रोज सकाळी चहाबरोबर तो उघडायचा. केडीई प्लाझ्मा, ग्नोम, एक्सएफसीई ही सगळी अशा मांडण्यांचीच नावं.

"केडीई प्लाझ्मात घड्याळसुद्धा तिरकं करून लावता येतं," एक लिहायचा.

"आणि ते बघायला मान तिरकी करायची, त्याचं काय?" दुसरा.

"ग्नोमवाल्यांनी बोलू नये. तुमच्याकडे बदलण्यासारखं आहे काय?"

"नाहीच फारसं. म्हणून आम्ही वेळेवर जेवतो."

"मग वरून जोडायची एक्स्टेन्शन कशाला टाकता?"

"ते तोंडी लावण्यापुरतं."

"अरे, एक्सएफसीईला कोणी विचारत नाही का?"

"ती आजोबांची सायकल. दिसायला नको, पण चालते."

असं सगळं. मनाने कोणी वाईट नव्हतं. पण चार हुशार माणसं एकत्र आली की पाचव्या कोणालातरी हसावं लागतं, नाहीतर बैठक रंगत नाही. तर त्या कट्ट्यावर एक खेळ चालायचा. कुठे विचित्र पडदा दिसला की त्याचा फोटो टाकायचा आणि वर लिहायचं, 'सौंदर्यस्पर्धा'. मग सगळे तुटून पडत.

रंगारीची वहिनी एका नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीवर बसायची. ती या घरात आली तेव्हा रंगारी हाफपँटीत होता, तरी पहिल्या दिवसापासून तिने त्याला 'भावजी' आणि 'तुम्ही' असंच म्हटलं. शेंबूड पुसतानासुद्धा, "भावजी, नाक इकडे करा." आई लवकर गेलेली. दादाचं शिवणकामाचं दुकान, तो मशीनवरून मान वर काढायचा नाही. याला वाढवलं ते वहिनीने. नाटकाचं वेड तिला फार, आणि त्या खिडकीत बसणं म्हणजे तिला देवळाच्या दारात बसण्यासारखं वाटे. म्हणायची, "आत काय चाललंय ते मला दिसत नाही, पण आत जाणाऱ्या प्रत्येकाचं तोंड मी बघते, आणि बाहेर येणाऱ्याचंही. माझं नाटक तेच."

मागच्या वर्षी रंगारी नोकरीसाठी परगावी असताना वहिनीला काही दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. "चक्कर आली होती, थकवा," दादा फोनवर म्हणाला. परत आला तेव्हा ती हिंडतफिरत होती. थोडी हळू चालायची, दाराच्या चौकटीला डावा खांदा घासायचा. तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात दर पानाच्या डाव्या कडेला दादाने लाल रिबिनीची बारीक पट्टी चिकटवलेली होती. रंगारीने ती पाहिली आणि म्हणाला, "दादा, दुकानात गिऱ्हाईक नाही वाटतं?" दादा हसला नाही. याच्या लक्षात आलं नाही.

नाट्यगृहाचे मॅनेजर मोठ्या आवाजाचे, पण माणूस सरळ. एक दिवस त्यांनी खिडकीसाठी दुसरा संगणक आणला. जुना फारच कुरकुरत होता. रंगारीला बोलावून म्हणाले, "उद्या सुट्टी आहे. जुन्यातलं सगळं यात घाल. आणि हे बघ, जसं आहे तसंच दे. तुझ्या वहिनींची घडी बसलेली आहे."

"बसवतो की," रंगारी म्हणाला.

सुट्टीच्या दिवशी नाट्यगृह रिकामं. खिडकीमागची ती खोली इतकी अरुंद, की खुर्ची मागे सरकवली तर दार उघडायचं नाही. त्याने जुना संगणक सुरू केला आणि बघतच राहिला. त्या मशीनवर एक्सएफसीई त्यानेच कधीतरी बसवली होती, पण हे काय करून ठेवलं होतं! बाण अंगठ्याएवढा, पिवळाजर्द. सगळी चित्रं उजवीकडे गर्दी करून बसलेली. आणि डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक जाड, लालभडक पट्टी. तिच्यावर एक बटण नाही, घड्याळ नाही, काही नाही. नुसती लाल. तिकिटांचं पान उघडलं तरी ती झाकली जाईना. नाट्यगृहाच्या खुर्च्यांचा नकाशा मुकाट्याने तिच्या उजवीकडे अंग चोरून बसला.

त्याला हसू फुटलं. वहिनीनेच कुठेतरी बटण दाबलं असणार आणि मग निस्तरता आलं नसणार, असं त्याने धरलं. त्याने फोन काढला, फोटो घेतला, कट्ट्यावर टाकला. 'सौंदर्यस्पर्धा. स्थळ, एक तिकीटखिडकी.'

उत्तरं धडाधड आली. "डावीकडे काय सांडलंय?" "बाई लिपस्टिक पुसतात का पडद्याला?" "अर्धा पडदा गहाण ठेवलाय." रंगारीने स्वतःही एक टाकलं, "आमच्या घरचीच कलाकार आहे." आणि खाली हसरे चेहरे.

मग नव्या संगणकावर त्याने ग्नोम घातली. वर एक सडपातळ काळी पट्टी, बाकी सगळं मोकळं, फिकं, शांत. बाण नेहमीएवढा केला. तिकिटांचं पान उघडून पाहिलं, छापून पाहिलं. सगळं ठीक होतं. जुना संगणक त्याने कोठीत नेऊन ठेवला, आणि जाताना नव्या पडद्याच्या पुसलेल्या काचेकडे असा पाहत राहिला, की जणू देव्हाराच उजळलाय.

दुसऱ्या दिवशी वहिनी आली तेव्हा तो खिडकीशी उभाच होता. तिने संगणक सुरू केला. क्षणभर थांबली. मान थोडी डावीकडे वळली, आणखी वळली, परत आली.

"कसं वाटतंय, वहिनी?"

ती त्याच्याकडे बघून हसली. शाळेत असताना त्याने चुरगळलेल्या कागदाचं फूल करून आणलं होतं, तेव्हा हसली होती तसंच.

"छान झालंय हो भावजी. अगदी स्वच्छ." मग जरा थांबून, "जुना कुठे ठेवलात?"

"कोठीत. मोडीत काढायचाय."

"असू दे की काही दिवस," ती म्हणाली. एवढंच.

तिला बोलता आलं असतं. ती का बोलली नाही हे मी तुम्हाला आत्ताच सांगत नाही, कारण रंगारीलाही ते तेव्हा कळलं नव्हतं, आणि आपण त्याच्या पुढे पळून कसं चालेल?

पुढचे काही खेळ रिकामेच गेले. पंधरावीस माणसं यायची, कोणी म्हणायचं मधली द्या, कोणी म्हणायचं दाराजवळची, आणि निभावून जायचं. मग एका नव्या मंडळीचा पहिला प्रयोग आला. तिकिटं फक्त खिडकीवर. दुपारपासून रांग लागली ती पायऱ्या उतरून रस्त्यापर्यंत. मागून लोक ओरडत होते, "बाई, आटपा!" "आत झोप लागली का?" वहिनीचे हात भराभर चालत होते. आणि मग तिने खिडकीतून हात बाहेर काढून 'हाउसफुल्ल'चा बोर्ड अडकवला. रांगेतली बरीच माणसं हळहळत परत गेली. एक म्हातारा नातीला घेऊन आला होता. वहिनी त्याला म्हणाली, "आजोबा, एकही खुर्ची असती तर दिली असती हो."

रंगारीला तिने पास आधीच काढून ठेवला होता. तो आत जाऊन बसला. तिसरी घंटा झाली, दिवे मंदावले, पडदा वर गेला. आणि प्रेक्षागृहात कुजबुज सुरू झाली.

मधल्या वाटेच्या उजवीकडची एकूण एक खुर्ची भरलेली. डावीकडे एक माणूस नाही. ओळीमागून ओळ नुसती रिकामी. दारावर तिकिटं तपासणाऱ्या काकांना वाटलं होतं, कुठलातरी मोठा गट यायचा असेल. नायिका पहिलं वाक्य घेऊन पुढे आली, तिची नजर त्या रिकाम्या बाजूकडे गेली आणि वाक्य मध्येच अडखळलं. पहिला प्रयोग होता बिचारीचा.

रंगारी शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, "होडी एका बाजूला कलंडणार आता." शेजारी खिदळला. ते वाक्य रंगारीला पुढे फार दिवस टोचत राहिलं.

मध्यंतराची वाट न पाहता तो उठला, कारण मॅनेजर तरातरा बाहेर जाताना दिसले. मागच्या बोळातून तो तिकिटाच्या खोलीशी आला. दार अर्धवट उघडं होतं. वहिनी पडद्याला नाक लावून बसली होती. डाव्या हाताचं बोट तिने संगणकाच्या चौकटीच्या डाव्या कडेवर घट्ट टेकवलं होतं, आणि मान वळवत वळवत ती त्या बोटाकडे चालली होती, जशी अंधारात माणसं भिंत चाचपतात. बोट दिसलं. मग तिला नकाशाचा डावा भाग दिसला. सगळा हिरवा. एकही खुर्ची विकलेली नाही.

"अगं बाई," ती एवढंच म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवला.

"वहिनी?"

ती दचकली नाही. वळलीही नाही. "भावजी, लाल पट्टी कुठे गेली हो?"

तिने आवाज चढवला नाही. तक्रार म्हणून नव्हे, हरवलेली वस्तू विचारावी तसं विचारलं. आणि मग थोडक्यात सांगितलं. दवाखान्यात ठेवलं होतं ते थकव्यासाठी नव्हे. मेंदूला बारीक झटका आला होता. डोळे शाबूत होते, पण दोन्ही डोळ्यांना डावीकडचं जग दिसेनासं झालं होतं. "काळं दिसतं असंही नाही. काही नसतंच. जिथे संपतं तिथे जग संपलं असंच वाटतं." तिथल्या बाईंनी युक्ती शिकवली होती, डाव्या कडेला लाल रेघ ठेवा, आणि लाल दिसेपर्यंत मान वळवत राहा. लाल दिसली म्हणजे कड आली. पुस्तकात दादाने रिबीन लावली. खिडकीवर तिने, पूर्वी भावजी पट्ट्या कशा हलवतात ते पाहिलेलं आठवून, चुकतमाकत पडद्यावर लावली.

"आज वळवली होती मी मान," ती म्हणाली. "पांढरं आलं. मला वाटलं कड आली. ती नकाशातली मधली वाट होती."

फोनमधला तो फोटो रंगारीच्या खिशात निखाऱ्यासारखा झाला. "मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तिकीट विकणारीला अर्धं दिसत नाही, हे? ठेवलं असतं मला इथे?" मग हळूच, "आणि तुम्ही इतक्या आनंदात उभे होतात."

एवढ्यात मॅनेजर दारात. "काय चाललंय काय हे? लोकांना परत पाठवलंत आणि अर्धं थिएटर रिकामं! ती पोरगी विंगेत रडतेय. डोळे कुठे होते तुमचे?"

वहिनीने रंगारीकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ सरळ होता, बोलू नका.

आता बघा हं, माणसाचं मन कसं असतं. रंगारीला त्या क्षणी आतून थोडं बरं वाटलं. तीच म्हणते बोलू नका, म्हणजे मी गप्प राहिलो तरी तिच्यासाठीच. पण अंतर्यामी बसलेल्याला कोण फसवणार? गप्प राहिलो तर झाकलं जाणार ते तिचं दुखणंही आणि आपला मूर्खपणाही, हे त्याला तिथल्या तिथे कळलं, आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

"साहेब, चूक माझी," तो म्हणाला. "तुम्ही जसं आहे तसंच दे म्हणालात. मी मांडणी बदलली. यांना न विचारता."

मॅनेजरांनी त्याच्याकडे पाहिलं. "मांडणी बदलली म्हणून अर्धं थिएटर दिसेनासं होतं? मला काय खुळा समजतोस?"

प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर दुसऱ्याच्या मालकीचं होतं. रंगारीला खोटं सांगायला काहीतरी सुचत होतं, पानच बिघडलं होतं, नकाशाच अर्धा येत होता, असं काही. ते त्याच्या जिभेवर आलंच होतं.

"होतं," वहिनी म्हणाली.

ती खुर्चीवरून उठली. खुर्ची दाराला लागली, मॅनेजरांना बाहेर सरकावं लागलं. आणि त्या बोळात, आतून संवाद ऐकू येत असताना, वहिनीने सगळं सांगितलं. साडीचा पदर मुठीत आवळून, खाली बघून, एखाद्या चोरीत पकडलेल्या माणसासारखं. जिने काही चोरलं नव्हतं तिने. रंगारी शेजारी उभा होता. आपल्याला खोटं बोलावं लागू नये म्हणून ही बाई आपली लाज उघडी करतेय, हे त्याला कळत होतं. त्या बोळातल्या फरशीला तोंड असतं तर मला गिळ म्हणून त्याने तिला विनवलं असतं.

मॅनेजर म्हणाले, "मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर ठेवलं असतंत?"

सरळ माणूस होता, म्हणाला ना मी. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "नसतं ठेवलं."

"मग?"

"मग काय? आता कळलंय. आता नाही म्हणायला मला जड जातंय." त्यांनी कपाळ पुसलं. "सकाळची खिडकी तुम्ही बघा. गर्दीच्या खेळांना मी दुसरं कोणीतरी बसवतो. आणि तो जुना डबा परत लावा."

म्हणजे खुर्ची राहिली, पण संध्याकाळ गेली. जिला आत जाणारी आणि बाहेर येणारी तोंडं बघायची असत, तिला आता सकाळी आगाऊ तिकिटं काढणारी मोजकी माणसं दिसणार. वहिनी "बरं" म्हणाली. मी तुम्हाला गोड शेवट करून सांगितला असता, पण मग तो खरा वाटला नसता.

सकाळी रंगारीने कोठीतून जुना संगणक उचलून आणला. वहिनी म्हणाली, "नवा वेगाने चालतो, तोच राहू दे. फक्त जुनी मांडणी द्या." त्याने नव्यावर एक्सएफसीई घातली. ग्नोमचा काही दोष नव्हता. तिच्यातही खटपट करून काही निघालं असतं. दोष बसवणाऱ्याचा होता. मग तो बाजूला स्टुलावर बसला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा प्रत्येक गोष्ट विचारून केली.

"एवढी जाड?"

"आणखी."

"एवढी?"

"अहो आणखी. कंजूषपणा करू नका."

"हा लाल?"

"हा विटकरी झाला. कुंकवासारखा हवा."

पट्टी लागली. तिने मान वळवली, लाल सापडला, आणि चेहरा सैल झाला. रंगारीला तिथेच थांबता आलं असतं. कोणी काही विचारलं नव्हतं. पण त्याने फोन काढून तिच्यापुढे धरला.

"वहिनी, हे मी केलंय. त्याच दिवशी."

तिने फोटो पाहिला. मग खालचं वाचायला घेतलं. फोनच्या डाव्या कडेवर तिने अंगठा ठेवला, म्हणजे ओळ कुठे सुरू होते ते कळावं, आणि एक एक ओळ वाचू लागली. गहाण, लिपस्टिक, सगळं. तिला वाचायला वेळ लागत होता, आणि रंगारीला तो वेळ सोसावा लागत होता. "आमच्या घरचीच कलाकार" या ओळीवर अंगठा थांबला.

"हे कोणी लिहिलंय?"

"मी."

ती फोन त्याच्या हातात देत म्हणाली, "तू?"

सगळ्या जन्मात तिने त्याला 'तू' म्हटलं ते तेवढंच. रागाने नव्हे. ओळख पटत नसलेल्या माणसाला विचारावं, तसं. तेवढ्यात खिडकीवर कोणीतरी टकटक केली. तिने मान वळवली, लाल पाहिली, आणि म्हणाली, "बोला, कुठली देऊ?"

रंगारी अजून संगणक दुरुस्त करतो. कट्ट्यावरून त्याने तो फोटो काढून टाकला, आणि का काढला ते वहिनीला विचारून मग लिहिलं. दोघं वाईट वाटलं म्हणाले, एकाने विषय बदलला. आता कोणाच्याही पडद्यावर काही ओबडधोबड दिसलं, की तो आधी विचारतो, "हे असं का ठेवलंय?" आणि उत्तर येईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसतो. वहिनी त्याला पुन्हा 'भावजी' म्हणू लागली. पण 'भावजी' म्हणण्याआधी ती किंचित थांबते, आणि ते थांबणं त्याला दर वेळी ऐकू येतं.

माझं मागणं एवढंच. कधी सकाळच्या वेळी कुठल्या खिडकीशी उभे राहिलात, आणि आतल्या बाईंना मान वळवायला जरा उशीर लागला, तर मागून "आटपा" म्हणू नका. ती कड शोधत असेल. आमच्या वहिनींची तेवढी आठवण ठेवा.